ऑइलच्या टाकीपासून इंजिनापर्यंतच्या स्टीलच्या नळ्या काढून रबरी होज बसवण्याबाबत

हार्डटेल_६५० यांचा प्रश्न

नमस्कार. माझ्या कस्टम मोटारसायकलीत १९६९ सालचे ट्रायम्फचे ६५० सीसी, दोन सिलिंडरचे इंजिन आहे. फ्रेमला मागचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर नाहीत आणि आधीच्या मालकाने मूळची ऑइलची टाकी काढून सीटखाली एक गोल टाकी बसवलेली आहे. टाकीतून इंजिनाकडे येणारी आणि इंजिनातून टाकीकडे परतणारी, अशा दोन्ही नळ्या त्याने स्टेनलेस स्टीलच्या केल्या असून त्या दोन्ही टोकांना कॉम्प्रेशन फिटिंगने घट्ट आवळल्या आहेत. काम इतके सुबक आहे की गाडी उभी केली की लोक आधी त्या नळ्यांकडेच पाहतात. मात्र गेल्या वर्षभरात परतीची नळी इंजिनाजवळच्या नटाला लागूनच दोनदा तडकली. पहिल्या खेपेस मी ती वेल्ड करून घेतली, तर ती वेल्डच्या जेमतेम अर्धा सेंटिमीटर पलीकडे पुन्हा फुटली आणि मागच्या टायरवर ऑइल उडाले. सुदैवाने गाडी सरळ रस्त्यावर आणि कमी वेगात होती.

आता दोन्ही नळ्या काढून रबरी होज बसवण्याचे मनात आहे, पण काही शंका आहेत. माझ्याकडे चारचाकीच्या हीटरचा जाड होज पडून आहे, तो चालेल का? टाकीच्या आणि इंजिनाच्या तोट्यांचा बाहेरचा व्यास साडेनऊ मिलिमीटर आहे. ८ मिलिमीटरचा होज गरम पाण्यात मऊ करून त्यावर चढवला, तर तो फ्रेमच्या आतून वळवायला सोपा जाईल, परंतु त्याने काही बिघडेल का? या इंजिनात ऑइलचा दाब ६५ ते ८० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) असतो असे वाचले आहे. एवढ्या दाबाला क्लिपने आवळलेला होज निसटणार नाही का? आणि रॉकरकडे (इंजिनाच्या माथ्यावरच्या, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांकडे) वर जाणारी तांब्याची बारीक नळीही याच कामात बदलावी की राहू द्यावी?

जुना_पाना यांचे उत्तर

आपल्या प्रश्नांची उत्तरे देण्याआधी नळी का फुटली ते पाहू, कारण ते कळले नाही तर रबर बसवूनही तोच त्रास दुसऱ्या जागी उभा राहील. या इंजिनाचे दोन्ही पिस्टन एकाच वेळी वर आणि एकाच वेळी खाली जातात, त्यामुळे त्याचा थरथराट मोठा असतो. इंजिन फ्रेमला बोल्टने जखडलेले असते, टाकी मात्र बहुधा रबरी बुशांवर किंवा पातळ पट्ट्यांवर टांगलेली असते, आणि म्हणून दोघांची हालचाल कधीच एकसारखी होत नाही. त्यांच्यामध्ये दोन्ही टोकांना आवळलेली ताठ नळी ठेवली की ती प्रत्येक फेऱ्यात केसभर वाकते आणि सरळ होते. तार हाताने मागेपुढे वाकवून तोडावी, तसाच हा प्रकार आहे. तडा नटाला लागून जातो, कारण सगळा वाक तिथेच साठतो. वेल्ड केल्याने सांधा भरला, पण शेजारची धातू तापून तिचा गुण बदलला आणि पुढचा तडा त्या पट्ट्यात गेला. म्हणजे हालचाल सोसणारा भाग हवा हा आपला विचार योग्य आहे.

दाबाची भीती मात्र मनातून काढून टाका. ६५ ते ८० पीएसआय हा दाब पंपाच्या पुढे, क्रँककेसच्या (इंजिनाच्या खालच्या पेटीच्या) आतल्या मार्गात तयार होतो आणि क्रँकच्या बिग एंड बेअरिंगांकडे, म्हणजे कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतात तिथे, जातो. टाकीतून येणाऱ्या नळीत ऑइल स्वतःच्या वजनाने आणि पंपाच्या ओढीने येते, तर परतीच्या नळीत पंपाने संपमधून (क्रँककेसच्या तळातून) उपसलेले ऑइल आणि हवा यांचे मिश्रण अगदी थोड्या दाबाने जाते. तेव्हा या दोन नळ्यांसाठी होज किती दाब सोसतो यापेक्षा दुसऱ्या तीन गोष्टी पाहाव्या लागतात: तो गरम ऑइलमध्ये टिकतो का, ओढीने चपटा होतो का आणि वळणावर मुडपतो का.

हीटरचा होज कृपा करून वापरू नका. कूलंटचे होज साधारणपणे ईपीडीएम नावाच्या रबराचे असतात. गरम पाणी, वाफ आणि ऊन यांना हे रबर उत्तम टिकते, पण खनिज तेलात ते फुगते आणि मऊ पडते. धोका असा की बाहेरून होज चांगला दिसत असतानाच आतला थर फुगून भोक अरुंद होत जाते, आणि शेवटी त्या थराचा पापुद्रा सुटून पंपाच्या तोंडाशी जाऊन बसतो. साधा सिलिकॉनचा रंगीत होज दिसायला छान असतो, परंतु ऑइलसाठी तोही उपयोगाचा नाही. पेट्रोलचा होज बरेच जण लावतात आणि त्याच्या आतले रबर तेलाला टिकतेही. मात्र त्याच्या भिंती बहुधा पातळ असतात, त्यामुळे तो वळणावर लवकर मुडपतो, म्हणून मी तो घरी परतण्यापुरता कामचलाऊ समजतो.

आपल्याला हवा आहे तो तेलासाठीच बनवलेला, आत नायट्राइल रबर आणि मध्ये कापडी विणीचा थर असलेला होज. त्यावर एसएई १०० आर ६ असे त्याच्या मानकाचे नाव छापलेले असते. चारचाकींच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या ऑइल कूलरला लावतात तो होजही चांगला, कारण तो गरम तेल नेण्यासाठीच केलेला असतो. हवेने थंड होणाऱ्या इंजिनात ऑइलचे तापमान ९० ते १२० अंश सेल्सिअसपर्यंत सहज जाते. साधे नायट्राइल सतत सुमारे १०० अंश आणि अधूनमधून १२० अंश सोसते. त्याचाच सुधारलेला प्रकार, ज्याला एचएनबीआर म्हणतात, सुमारे १५० अंशांपर्यंत जातो. होजवरची छपाई नीट वाचा. ज्या होजवर काहीच छापलेले नाही, तो कितीही जाडजूड असला तरी मी हातात घेत नाही.

होज कापताना हॅक्सॉ ब्लेड वापरू नका. त्याने रबराचा चुरा आत पडतो, आणि येणाऱ्या नळीतला चुरा थेट पंपात जातो. धारदार सुरीने काटकोनात एकाच दमात कापा आणि बसवण्याआधी आतून धुऊन, हवा मारून घ्या.

तेलकट_हात यांचे उत्तर

जुना_पाना यांच्याशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु संपूर्ण नळी काढून टाकण्याची गरज मला पटत नाही. बेंड पाइपच्या जवळून जाणाऱ्या भागात स्टीलची नळी रबरापेक्षा केव्हाही बरी, आणि आपल्याकडे ती आधीच सुंदर वाकवलेली आहे. ती टाकीच्या बाजूला तशीच ठेवून इंजिनाच्या बाजूला ७५ ते १०० मिलिमीटर कापून काढा आणि तेवढ्या जागेत होजचा तुकडा घाला. हालचाल तो तुकडा सोसेल आणि देखणेपणही राहील. मात्र मोकळे झालेले लांब टोक रबरी अस्तराच्या क्लिपने फ्रेमला बांधलेच पाहिजे, नाहीतर ते लोंबकळून टाकीच्या बाजूचा सांधा तोडील.

कापलेल्या टोकाबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण या कामात सर्वांत जास्त चुका इथेच होतात. नळीचे टोक गुळगुळीत ठेवून त्यावर होज चढवला आणि क्लिप कितीही आवळली, तरी ऑइल, उष्णता आणि थरथराट यांच्या संगतीने तो हळूहळू सरकतो. टोकापासून चारपाच मिलिमीटर आत नळीला चौफेर उंचवटा काढून घ्या. त्यासाठी बीड काढण्याचे छोटे हत्यार मिळते, आणि ते नसेल तर फ्लेअरच्या हत्याराने टोक अर्धवट फुलवून कानशीने त्याची धार मारली तरी भागते. क्लिप त्या उंचवट्याच्या मागे बसली पाहिजे, त्याच्यावर नव्हे. उघड्या खाचांची पट्टी असलेली क्लिप रबर कुरतडते, म्हणून कडा वळवलेली, आतून सपाट पट्टीची क्लिप घ्या.

एक इशारा. फिटिंगवर नुसता दाबून बसवायचा, क्लिपविना चालणारा होजही मिळतो. त्याच्या फिटिंगला धारदार दाते असतात, आणि त्यावर वरून क्लिप आवळली की ते दाते आतला थर कापतात. तो प्रकार घेतलात तर क्लिपचा मोह टाळावा.

आटे_आणि_नट यांचे उत्तर

व्यासाच्या प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला नाही. ८ मिलिमीटरचा होज साडेनऊच्या तोटीवर ताणून बसवला तर त्याचे टोक कायम ताणाखाली राहते आणि काही महिन्यांत तिथे उभ्या भेगा पडतात. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट प्रवाहाची आहे. घट्ट द्रव नळीतून संथ वाहतो तेव्हा, दाबातला फरक आणि लांबी तीच राहिली, तर प्रवाह आतल्या व्यासाच्या चौथ्या घातानुसार बदलतो. साडेनऊच्या जागी ८ घेतले की व्यास जेमतेम १६ टक्क्यांनी कमी होतो, प्रवाह मात्र निम्मा होतो. तोट्यांची भोके होजपेक्षा लहान असतातच, मग होज लहान झाल्याने काय होते, असे कोणी म्हणेल. परंतु तोटी बोटाच्या पेराएवढी आखूड असते आणि होज हातभर लांब, आणि अडथळा लांबीच्या प्रमाणात वाढतो. गार सकाळी २०डब्ल्यू-५० ऑइल काकवीसारखे जड असते आणि पंप काही ते हव्या तेवढ्या जोराने ओढू शकत नाही, कारण ओढीच्या बाजूला त्याच्या मदतीला हवेचा एक वातावरण एवढाच दाब असतो. म्हणून टाकीतून येणारा होज साडेनऊचाच, शक्य तितका आखूड आणि सतत उताराचा ठेवा. त्याला वर चढून खाली येणारे वळण दिले तर उंचवट्यावर हवा अडकते. या मापाच्या होजला वळणाची त्रिज्या सुमारे ७५ मिलिमीटरपेक्षा कमी देऊ नये.

आता रॉकरच्या नळीकडे येतो, कारण इथे ट्रायम्फची एक खोड आहे आणि कस्टम गाड्यांत तीच विसरली जाते. या इंजिनांत रॉकरला ऑइल पंपाच्या दाबाच्या बाजूने मिळत नाही. ते परतीच्या नळीला टी (तीन तोंडांचा जोड) जोडून घेतलेले असते. परतीचे ऑइल टाकीत पडताना त्याला थोडासा अडथळा असतो, त्या अडथळ्यामुळे परतीच्या नळीत किंचित दाब राहतो आणि त्या दाबावर ऑइल रॉकरपर्यंत चढते. मूळ टाकीत हा अडथळा परतीच्या तोंडाशीच असतो. घरी बनवलेल्या गोल टाकीत अनेकदा मोठ्या भोकाची सरळ तोटी वेल्ड केलेली असते, आणि मग सगळे ऑइल सोप्या वाटेने टाकीत पडते व रॉकर कोरडे राहतात. आपण परतीची नळी बदलताना टी कुठे आहे, टीच्या पुढे टाकीच्या बाजूला भोक किती आहे, हे मोजल्याशिवाय काम पूर्ण करू नका. उलट टोकही गाठू नये: रॉकरला गरजेपेक्षा जास्त ऑइल गेले तर ते व्हॉल्व्हच्या गाइडमधून खाली उतरते आणि सायलेन्सरमधून निळा धूर येतो.

तांब्याची नळी बदलावी, असे माझे मत आहे. तांबे थरथराटाने कडक होत जाते आणि शेवटी काचेसारखे तडकते. तिच्या जागी दोन बँजो (पोकळ बोल्टने आवळायचे कडीसारखे जोड) असलेली बारीक लवचिक नळी लावा, परंतु आतले भोक मूळच्याइतकेच ठेवा. बँजोच्या दोन्ही बाजूंचे तांब्याचे वॉशर नवे घ्या, किंवा जुने मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका म्हणजे ते पुन्हा मऊ होतात.

हार्डटेल_६५० यांचे प्रत्युत्तर

सर्वांचे आभार. हीटरचा होज पुन्हा अडगळीत गेला. टाकी उतरवून पाहिली, तर आटे_आणि_नट यांचा अंदाज खरा निघाला: परतीची तोटी साडेसात मिलिमीटर भोकाची, सरळ आणि मोकळी आहे, तिला कसलाही अडथळा नाही. रॉकरच्या स्पिंडलच्या (दांड्याच्या) टोकाला असलेल्या घुमटाकार डोम नटाजवळ ऑइलचा ओलावा मला इतक्या महिन्यांत कधी दिसला नव्हता आणि मी ते चांगल्या पॅकिंगचे लक्षण समजत होतो!

आणखी दोन प्रश्न. गाडी पंधरा दिवस उभी राहिली की टाकीतले बरेच ऑइल क्रँककेसमध्ये उतरते. आता होज बसवतोच आहे, तर येणाऱ्या नळीत बंद करण्याची झडप घालावी का? आणि बाहेरून स्टीलच्या तारांची वीण असलेला होज घेतला तर गाडीचे रूप टिकेल, त्याबद्दल आपले मत काय?

जुना_पाना यांचे उत्तर

झडपेबद्दल मी तटस्थपणे बोलू शकत नाही. मी स्वतः ती घातली होती, किल्लीच्या साखळीला लाल फीत बांधून ठेवली होती, आणि तरीही एका सकाळी कोणाशी तरी बोलता बोलता झडप न उघडताच किक मारून निघालो. इंजिन बिघडायला दोन किलोमीटरही लागले नाहीत. बिग एंडच्या शेल (बेअरिंगच्या पातळ अर्धगोल वाट्या) क्रँकला चिकटल्या आणि इंजिन संपूर्ण उघडावे लागले. झडप घालायचीच असेल तर ती बंद असताना इग्निशन चालू होणार नाही असा स्विच तिला जोडलेला असावा; नुसत्या आठवणीवर विसंबणारी झडप मी पुन्हा बसवणार नाही. ऑइल उतरते ते पंपातल्या गोळीच्या झडपेवरून. तिथे कचरा बसला असेल किंवा गोळीची बैठक झिजली असेल, तर पंप उघडून साफ करणे आणि गोळी नीट बसवून घेणे हा खरा उपाय आहे. नळ्या काढलेल्याच आहेत, तेव्हा ते काम आताच करा.

तारांच्या विणीचा होज उत्तम चालतो, पण ती वीण कानशीसारखी असते. ती फ्रेमला टेकली तर आधी रंग, मग फ्रेम आणि शेजारून वायर जात असेल तर तिचे आवरणही खाते. त्यावर काळे आवरण असलेला प्रकार घ्या किंवा टेकणाऱ्या जागी रबरी बाही चढवा. त्याची फिटिंग घेताना कोन तपासा: ३७ अंशांचे आणि ४५ अंशांचे असे दोन प्रकार असतात, काही मापांत दोन्हींचे आटे एकमेकांत बसतात, पण बैठक जुळत नाही आणि मग कितीही आवळले तरी गळती थांबत नाही. लांबीही थोडी सैल ठेवावी.

कोणताही होज घेतलात तरी सुटे करण्याआधी येणारी आणि परतीची नळी यांना वेगवेगळ्या रंगांची टेप लावा. उलटसुलट जोडल्या गेल्या तर पंप टाकी भरण्याऐवजी इंजिन कोरडे करील. शेवटी, इंजिन चालू करण्याआधी येणारा होज टाकीकडून भरून हवा काढा, प्लग काढून ठेवा आणि परतीच्या तोंडातून ऑइलच्या गुळण्या दिसेपर्यंत किक मारत राहा. नव्या नळ्यांत भरपूर हवा असते आणि हा पंप हवेवर नीट ओढ घेत नाही.

तेलकट_हात यांचे उत्तर

फिल्टर लावण्याचा विचार असेल तर तो परतीच्या नळीतच, रॉकरच्या टीच्या पुढे, टाकीच्या बाजूला लावा. येणाऱ्या नळीत कधीही नको. टीच्या पुढे लावलेल्या फिल्टरचा थोडा अडथळा आपल्याला हवाच आहे.

हार्डटेल_६५० यांचे प्रत्युत्तर

काम झाले, म्हणून कळवतो. येणाऱ्या बाजूला पूर्ण होज लावला आणि परतीच्या बाजूला तेलकट_हात यांच्या सल्ल्याप्रमाणे स्टीलची नळी ठेवून इंजिनाजवळ ९० मिलिमीटरचा तुकडा घातला. परतीच्या तोटीत पितळेचा छोटा बुश बसवून भोक कमी केले; सुरुवातीला ५ मिलिमीटर ठेवले होते, पण डोम नट किंचित सैल करून पाहिले तेव्हा ऑइल फारच सावकाश पाझरत होते, म्हणून ते ४ वर आणले आणि आता नट सैल करताच थेंब लागोपाठ येतात. धूर नाही. पंपातल्या गोळीखाली वेल्डचा एक बारीक कण सापडला, तो बहुधा पहिल्या दुरुस्तीतला असावा. तीनदा इंजिन पूर्ण तापवून थंड केल्यावर प्रत्येक क्लिपला जवळजवळ पाव फेरा बसला. चौथ्या वेळी मात्र एकही क्लिप हलली नाही.